हात कोणाचा?

एखादा गुणी मनुष्य कामाच्या भरांत देह झिजवून गेला, म्हणजे आम्ही त्याची थोरवी गातों. चंदनाप्रमाणें झिजला, दिव्याप्रमाणें जळला, हे शब्द आमच्या जिभेवर इतके रुळले आहेत कीं मृत्युलेख लिहावयास बसलें म्हणजे ते आपोआप लेखणींतून उतरतात. आम्हींहि ते अनेकदां लिहिले आहेत. आणि ते लिहितांना, ज्याच्याविषयीं लिहितों त्यास झिजतांना काय वाटलें असेल, हा प्रश्न आमच्या मनांत क्वचितच आला, ही कबुली आरंभींच दिलेली बरी. चंदनास वेदना नसते. दिव्यास उद्यांची चिंता नसते. मनुष्यास दोन्ही असतात. मग ज्याच्या अंगीं असामान्य गुण आहे त्यानें तो देह मोडेपर्यंत लोकांसाठीं खर्चिलाच पाहिजे काय? कीं ‘आतां पुरे’ असें म्हणण्याचा त्यास अधिकार आहे?

सैनिकाच्या किंवा वैद्याच्या उदाहरणावरून ह्या प्रश्नाचा विचार करूं लागलें तर तो लौकरच दुसऱ्या प्रश्नांत मिसळून जातो. कारण तेथें एकाच्या थांबण्यानें दुसऱ्याचा जीव जाण्याचा संभव असतो. खेळाचें तसें नाहीं. खेळणारा थांबला तर कोणी मरत नाहीं. पाहणाऱ्यांचा आनंद तेवढा कमी होतो. म्हणून आमचा प्रश्न तेथें निर्भेळ स्वरूपांत सांपडतो. शिवाय खेळांत कोणी किती दिलें याचा हिशेब अंकांत राहिलेला असतो. अमेरिकेंत बेसबॉल ह्या खेळांत सँडी कोफॅक्स नांवाचा एक डावखोरा पिचर होऊन गेला. त्याच्या चरित्राच्या आधारें हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

बेसबॉलमध्यें जो गडी फलंदाजाकडे चेंडू फेंकतो त्यास पिचर म्हणतात. आपल्या परिचयाच्या क्रिकेटमधील गोलंदाजाशीं त्याचें नातें उघड आहे. पण एक भेद महत्त्वाचा आहे. चेंडू टाकतांना गोलंदाजानें कोपराचा हिसका देऊं नये, असा क्रिकेटचा नियम आहे; पिचरची सारी करामत त्या हिसक्यांतच असते. साठ फूट सहा इंचांवरून तो चाबूक ओढावा तसा हात ओढतो, आणि एका सामन्यांत असें शंभराहूनहि अधिक वेळां करितो. प्रत्येक वेळीं कोपराच्या आंतील बाजूचे बंध ताणले जातात आणि बाहेरील बाजूस हाडावर हाड दाबलें जातें. मनुष्याचें कोपर निसर्गानें ह्या कामासाठीं घडविलेलें नाहीं. तेव्हां पिचर ज्या गुणाबद्दल पैसा आणि कीर्ति मिळवितो, तोच गुण त्याचें कोपर थोडें थोडें खात असतो.

कोफॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १९३५ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन भागांत एका ज्यू कुटुंबांत झाला. त्याचें जन्मनांव सँफर्ड ब्रॉन. तो तीन वर्षांचा असतां आईबापांनीं घटस्फोट घेतला. आई हिशेबनिसाचें काम करी. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर तिनें अर्व्हिंग कोफॅक्स नांवाच्या वकिलाशीं विवाह केला, आणि मुलानें ह्या दुसऱ्या पित्याचें नांव धारण केलें. पुढें जें नांव कोट्यवधि लोकांच्या तोंडीं झालें तें त्यास रक्तानें मिळालेलें नव्हतें. ज्यानें प्रेमानें वाढविलें त्याचें तें होतें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों. जन्मतः जें मिळतें तेंच आपलें, हा समज किती अपुरा आहे हें ह्या मुलास घरांतच शिकावयास मिळालें असलें पाहिजे.

त्या घराची आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मुलगा शाळेंत बास्केटबॉलमध्यें नांवाजलेला होता. सिनसिनाटी विद्यापीठांत गेला तेव्हां शिल्पशास्त्र शिकून इमारती बांधाव्या असा त्याचा विचार होता. १९५४ च्या डिसेंबरांत ब्रुकलिनच्या डॉजर्स संघानें त्यास करारानें बांधून घेतलें. वेतन सहा हजार डॉलर आणि त्याशिवाय एकरकमी चौदा हजार डॉलर, असा तो करार होता. खेळांत यश न आल्यास ह्या चौदा हजारांतून अर्धवट राहिलेलें शिक्षण पुरें करितां यावें, असा त्यामागें हिशेब होता. म्हणजे ह्या कुटुंबानें मुलास आंत पाठवितांनाच बाहेर पडण्याच्या दाराचीहि तजवीज केली होती. १९५५ मध्यें संघांत खेळत असतांहि तो कोलंबिया विद्यापीठांत शिल्पशास्त्राच्या वर्गांस जाऊन बसला. गुण ही मनुष्याची एक बाजू आहे, सर्वस्व नव्हे, ही समजूत त्या तरतुदींत होती. तिचें मोल बारा वर्षांनंतर कळावयाचें होतें.

आरंभीं त्याच्या गुणाचें कोणासहि फारसें कौतुक करितां आलें नाहीं. मोठी रक्कम घेऊन येणाऱ्या नवख्या गड्यास दोन वर्षें मुख्य संघांतच ठेवलें पाहिजे, असा त्या काळीं नियम होता. त्यामुळें लहान संघांत खेळून हात बसविण्याची संधि त्यास मिळालीच नाहीं. चेंडूस वेग अफाट, पण तो कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं, अशी स्थिति होती. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या नांवावर छत्तीस विजय आणि चाळीस पराजय लागले. १९५८ मध्यें संघ लॉस एंजेलिस येथें गेला. तेथेंहि कांहीं वर्षें हेंच चाललें. १९६१ च्या आरंभीं नॉर्म शेरी ह्या सहकाऱ्यानें त्यास सुचविलें कीं सारें बळ एकवटून फेंकण्याचा अट्टाहास सोड, हात थोडा सैल ठेव. त्या वर्षीं त्यानें २६९ फलंदाजांस स्वतःच्या फेंकीवर बाद केलें आणि ख्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासून चालत आलेला २६७ चा विक्रम मागें टाकला. वेग ही निसर्गाची देणगी होती. ताबा मात्र त्यानें सहा वर्षांच्या अपयशांतून मिळविला. जन्मतः मिळालेलें आणि कमाविलेलें यांतील हा फरक पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

यश आलें तशी शरीराची तक्रारहि आली. १९६२ च्या वसंतांत फलंदाजी करीत असतां दांड्याचा दणका डाव्या तळव्यास बसला व तेथील रक्तवाहिनी दुखावली. तर्जनी हळूहळू थंड, बधिर आणि पांढरी पडत गेली. तरीहि तो जुलईपर्यंत फेंकीत राहिला, आणि त्याच बोटानें त्यानें ३० जून रोजीं प्रतिपक्षास एकहि फटका न देतां सामना जिंकला. पुढें बोट कापावें लागेल कीं काय अशी वेळ आली, तेव्हां कोठें त्यास विश्रांति मिळाली. १९६४ च्या ऑगस्टांत तळाकडे परत झेंप घेतांना डावें कोपर दुखावलें. थोड्याच दिवसांनीं एका सकाळीं तो उठला तों हात सरळ होईना. डॉ. रॉबर्ट कर्लन यांनीं तपासून आघातजन्य संधिवात असें निदान केलें. १९६५ च्या वसंतांत, हंगाम सुरू होण्यापूर्वीं, पुरा सामना खेळून झोंपलेला कोफॅक्स दुसऱ्या दिवशीं उठला, तेव्हां आंतल्या रक्तस्रावानें सारा हात काळानिळा झाला होता.

येथें थांबला असता तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. तो थांबला नाहीं. सामन्यापूर्वीं अंगास मिरचीच्या अर्काचें जळजळीत मलम, दुखणें दबविण्यास कोडीन घातलेल्या गोळ्या, सूज उतरविण्यास घोड्यांनाहि देतात तें ब्युटाझोलिडिन, कोपरांत अधूनमधून कॉर्टिझोनची सुई, आणि सामना संपतांच बर्फाच्या पाण्यांत हात बुडवून बसणें, असा त्याचा क्रम झाला. अशा हातानें १९६५ मध्यें त्यानें ३८२ फलंदाज स्वतःच्या फेंकीवर बाद केले, आणि ९ सप्टेंबर रोजीं शिकागोच्या संघाविरुद्ध सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांपैकीं एकासहि पहिल्या तळावर पोंचूं दिलें नाहीं. त्या वर्षींच्या अखेरच्या अजिंक्यपद मालिकेंत सातवा निर्णायक सामना त्यानें केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळला. वळणाऱ्या चेंडूनें दगा दिला असतां निव्वळ वेगाच्या बळावर त्यानें तो जिंकला आणि प्रतिपक्षास एकहि धांव मिळूं दिली नाहीं. दुःख सोसण्याच्या सामर्थ्याबद्दल ह्या मनुष्याविषयीं शंका घेण्यास कोठेंहि जागा नाहीं. ज्यानें भीतीनें माघार घेतली अशाचें हें उदाहरण नव्हे, एवढें येथें सिद्ध होतें.

पण त्याच मालिकेचा पहिला सामना तो खेळला नव्हता. ६ ऑक्टोबर हा दिवस ज्यू लोकांच्या योम किप्पूर ह्या प्रायश्चित्ताच्या उपवासाचा होता. त्यानें त्या दिवशीं खेळण्यास नकार दिला. त्याच्याऐवजीं डॉन ड्रायस्डेल खेळला आणि संघ हरला. तो मोठा कर्मठ होता असें कोणीच म्हणत नाहीं. तरीहि, ज्यावर संघाचा अंमल चालत नाहीं असा कांहीं भाग आपल्यांत आहे, हें त्यानें त्या दिवशीं आपल्या आचरणानें दाखविलें. सातव्या सामन्यांतील सोसणें आणि पहिल्या सामन्यांतील नकार हीं एकाच मनुष्याचीं, एकाच मालिकेंतील कृत्यें आहेत. पहिल्यावांचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

आतां कायदा काय म्हणत होता तेंहि पाहिलें पाहिजे. त्या काळच्या करारांत असें एक कलम असे कीं मुदत संपली तरी गड्यावर संघाचाच हक्क राही. संघानें विकला तर गड्यानें जावें, ठेविला तर राहावें. स्वतःच्या इच्छेनें दुसऱ्या संघांत जाण्याची त्यास मोकळीक नव्हती. ही पद्धति १९७५ च्या डिसेंबरांत लवादाच्या निवाड्यानें मोडली. तोंवर गड्याच्या हातीं एकच स्वातंत्र्य होतें, तें म्हणजे न खेळण्याचें. १९६६ च्या आरंभीं कोफॅक्स आणि ड्रायस्डेल ह्या दोघांनीं मिळून तेंच वापरलें. वेतन वाढल्यावांचून खेळणार नाहीं असें सांगून ते बत्तीस दिवस बाहेर राहिले, आणि अनुक्रमें सवा लाख व एक लाख दहा हजार डॉलरांवर परतले. मग कोफॅक्सनें ३२३ डाव फेंकी केली. सत्तावीस सामने जिंकले, नऊ गमावले, आणि नऊ डावांमागें त्याच्यावर सरासरी १.७३ धांवा झाल्या. इतका चांगला हंगाम त्यास पूर्वीं कधींच साधला नव्हता. १८ नोव्हेंबर १९६६ रोजीं, वयास एकतिसावें वर्षहि पुरें झालें नसतां, त्यानें निवृत्ति जाहीर केली.

कारण विचारणाऱ्या वार्ताहरांस त्यानें सांगितलें त्याचा आशय असा: खेळ संपल्यावरहि मला पुष्कळ वर्षें जगावयाचें आहे, आणि तीं शरीर धड ठेवून जगावीं अशी माझी इच्छा आहे. पैशाचा प्रश्न निघाला तेव्हां तो म्हणाला कीं, ज्याचा एक हात निकामी झाला आहे त्यास हात परत मिळवून देतों असें सांगितलें, तर तो आपल्याजवळ असेल नसेल तें देऊन टाकील. गोळ्यांच्या गुंगींत खेळत राहणें आपल्यास नको आहे, हेंहि त्यानें लपविलें नाहीं.

त्याचें हें करणें योग्य होतें काय? विरुद्ध पक्षाचे तीन आक्षेप आम्हांस विचारार्ह वाटतात.

पहिला आक्षेप असा कीं असामान्य गुण ही समाजाची ठेव आहे. ज्याच्याजवळ ती ठेविली तो तिचा मालक नव्हे, विश्वस्त होय. ह्यांत तथ्य आहे. कोफॅक्सचा वेग त्यानें निर्माण केला नव्हता. सहा वर्षें तो हरत असतां संघानें त्यास पोसलें, सहकाऱ्यांनीं शिकविलें, प्रेक्षकांनीं पैसे मोजले. हें ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु ऋण म्हटलें कीं त्यास मर्यादा आली. ज्याची फेड कधीं होऊंच शकत नाहीं तें ऋण नव्हे, ती वेठ होय. १९६३ पासून पुढील चार हंगामांत ज्यानें ९७ सामने जिंकून दिले आणि केवळ २७ गमावले, त्यानें काय देणें ठेविलें होतें? ‘अजून देतां येतें, म्हणून अजून देणें आहे’ हा हिशेब सावकाराचाहि नव्हे. सावकारसुद्धां मुद्दल आणि व्याज फिटल्यावर खत फाडतो. शिवाय जो विश्वस्त आहे त्याच्यावर ठेव सांभाळण्याचीहि जबाबदारी असते. हात हीहि ठेवच नव्हे काय?

दुसरा आक्षेप सोबत्यांच्या बाजूचा आहे. एकाच्या जाण्यानें संघ दुबळा होतो; बाकीचे त्याच्या भरंवशावर असतात. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. डॉजर्स संघ पुढील वर्षीं खरोखरच घसरला. पण सोबत्यांस काय देणें लागतें? आपण मैदानावर आहों तोंवर पुरें देणें आणि निघतांना त्यांस फसवून न निघणें, एवढें. हंगाम संपल्यावर, करार पुरा करून, पुढील हंगामाची तयारी करण्यास अवधि ठेवून तो निघाला. अर्ध्या सामन्यांत मैदान सोडणें आणि सामना संपल्यावर घरीं जाणें यांतील अंतर नीतीच्या दृष्टीनें थोडें नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. सवा लाख डॉलर वेतन घेणाऱ्यास ‘पुरे’ म्हणणें परवडतें. ज्याच्या हातावर घरचीं माणसें जेवतात त्यानें काय करावें? गिरणींतील कामगाराचा खांदा, विडी वळणारणीचीं बोटें, घरासाठीं राबून कंबर मोडलेली थोरली वहिनी, ह्यांस कोण विचारतो? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाहीं. कित्येकांस थांबतां येत नाहीं, म्हणून ज्यास येतें त्यानेंहि थांबूं नये, असें त्यावरून ठरत नाहीं. ज्यांस थांबतां येत नाहीं त्यांस तें शक्य व्हावें, हें आपलें कर्तव्य त्यावरून ठरतें. कोफॅक्सच्या घरच्यांनीं चौदा हजार डॉलरांत त्याच्यासाठीं एक दार मोकळें ठेविलें होतें. ज्यांच्यासाठीं असें दार कोणीच ठेविलें नाहीं, त्यांच्या झिजण्यास आम्ही चंदनाची उपमा देतों, आणि उपमा दिली म्हणजे आमचें काम संपलें असें मानतों. वहिनीच्या मृत्यूनंतर ‘घरासाठीं झिजली’ असें म्हणणाऱ्यांपैकीं किती जणांनीं ती जिवंत असतां तिच्या हातची घागर घेतली होती? स्तुति हा पुष्कळदां मदत टाळण्याचा सोपा मार्ग असतो.

याउलट, थांबणें तेंच योग्य आणि पुढें चालणें अयोग्य, असाहि सिद्धान्त आम्ही मांडीत नाहीं. कोफॅक्स गेल्यानंतर आठ वर्षांनीं, १९७४ मध्यें, त्याच संघाचा टॉमी जॉन हा डावखोरा पिचर कोपराचा बंध तुटून निकामी झाला. डॉ. कर्लन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनीं त्याच्या उजव्या हातांतील स्नायुरज्जु काढून डाव्या कोपरांत ओंवला. असें पूर्वीं कोणावर केलेलें नव्हतें, आणि पुन्हां खेळतां येण्याची आशा शंभरांत एक, असें डॉक्टरांनीं त्यास स्पष्ट सांगितलें होतें. त्यानें एक संपूर्ण वर्ष गमावलें. नंतर तो १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या एकंदर २८८ विजयांपैकीं १६४ ह्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेस त्याचेंच नांव पडलें. त्याचें चालणें आम्हांस कोफॅक्सच्या थांबण्याइतकेंच आदरणीय वाटतें. दोघांच्या निर्णयांत दिशा उलट आहे, पण मूळ एक आहे. दोघांसहि हाताची स्थिति काय आहे हें ठाऊक होतें, आणि दोघांनींहि तो हात आपला समजून निर्णय केला.

मात्र ह्या शस्त्रक्रियेनें प्रश्न सुटला असें ज्यांस वाटतें त्यांनीं पुढील इतिहास पाहावा. तिच्या यशामुळें ती शेंकडों पिचरांवर होऊं लागली. मिसरूडहि न फुटलेल्या मुलांवर ती करण्याची पाळी येते. हात जोडतां येतो असें कळल्याबरोबर तो मोडण्याची भीति कमी झाली, आणि वेगाची मागणी वाढली. वैद्यकानें वेदनेची मुदत वाढविली. ‘पुरे’ हा शब्द कोणी उच्चारावयाचा, हें कांहीं वैद्यक सांगूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच सांगितलें पाहिजे, आणि तें सांगतां यावें इतका मोकळेपणा भोंवतालच्यांनीं त्यास दिला पाहिजे.

सोसणें हा सद्गुण आहे, ह्यांत आम्हांस संशय नाहीं. पण ज्यास थांबतां येतें त्याचेंच सोसणें सद्गुण ठरतें. ज्यास थांबतां येत नाहीं त्याचें सोसणें ही केवळ आपत्ति असते, आणि आपत्तीची स्तुति करणें निर्दयपणाचें आहे. कोफॅक्सनें १९६६ च्या नोव्हेंबरांत जें केलें त्यामुळें १९६५ च्या ऑक्टोबरांतील त्याच्या पराक्रमास उणेपणा आला नाहीं. उलट तो पराक्रम त्याचा स्वतःचा होता, कोणी त्याच्याकडून करवून घेतलेला नव्हता, हें त्यावरून सिद्ध झालें.

१९७२ मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली. इतक्या लहान वयांत तो मान पूर्वीं कोणासहि मिळाला नव्हता. २०२२ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिसच्या मैदानाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला, त्या वेळीं शहाऐंशी वर्षांचा तो वृद्ध स्वतः उभा राहून बोलला आणि ज्यांचे उपकार झाले त्यांचे त्यानें एकेकाचें नांव घेऊन आभार मानले. ऋण विसरलेल्या मनुष्याचें हें लक्षण नव्हे. पुतळ्याचा हात लोकांचा आहे. त्यांनीं तो खुशाल पाहावा. शेजारीं उभा राहिलेल्याचा हात त्याचा होता.

पुन्हां एखाद्या कष्टाळू मनुष्याचा मृत्युलेख लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल, तेव्हां चंदनाचा शब्द लेखणींतून उतरण्यापूर्वीं त्यास थांबतां येत होतें काय, आणि येत नसल्यास त्यास आम्हीं कधीं विचारलें होतें काय, हें आम्ही आधीं स्वतःस विचारणार आहों.